बुधवार आणि सोमवार सांभाळा: गावाकडून भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि घारापुरीला जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा गेलो तो बुधवार होता. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून एसटीने वर्धा, मग रात्रभर रेल्वे, दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या नणंदेकडून गर्दीची लोकल, एवढं सगळं करून भायखळ्याला राणीबागेशी पोहोचलो, तर फाटक बंद. चौकीदार म्हणाला, "बुधवारी सुटी असते, ताई." सासूबाई तिथेच फुटपाथवर पिशवी टाकून बसल्या. "मले इचारलं असतं त मीच सांगतलं असतं, बुधवारी जाऊ नोका म्हणून." त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, पण त्या दिवशी बोलायची पाळी त्यांची होती.

दुसऱ्या वर्षी नीट विचारपूस करून गेलो आणि सगळं पाहून आलो. तेव्हापासून गावातलं कोणी ना कोणी माझ्या शिलाई मशीनजवळ येऊन बसते आणि विचारते, कसं जायचं, काय लागते, आत कोणी हटकते काय. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

१. आधी हे समजून घ्या की जायचं कुठे आहे

मुंबई दाखवायला नेतो म्हटलं की गेटवे, चौपाटी, सिद्धिविनायक आणि एखाद्या नटाचा बंगला एवढंच आपल्याकडे ठरलेलं असते. म्युझियम म्हटलं की शेजारी विचारतात, "एवढे पैसे घालून जुनी मडकी पाहाले चाल्ले काय?" मडकी आहेत, खोटं कशाला सांगू. पण ती पाहण्यासारखी आहेत.

हे मुंबईतलं सगळ्यांत जुनं संग्रहालय, भायखळा पूर्वेला राणीबागेत, आणि मालकी मुंबई महापालिकेची. लोकांसाठी ते १८७२ मध्ये उघडलं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. हे भाऊ दाजी डॉक्टर होते, जुने शिलालेख वाचणारे अभ्यासक होते, मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ, म्हणजे शहराच्या एका मानाच्या पदावरचे, होते. कुष्ठरोगावर औषध शोधण्यात त्यांनी बरीच वर्षं घातली. आनंदवन ज्यांच्या जिल्ह्याशेजारी आहे त्या आपल्यासारख्यांना हा माणूस लगेच जवळचा वाटतो. हे संग्रहालय उभं राहावं म्हणून त्यांनी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी खटपट केली.

आता आपल्या बाजूची गोष्ट. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर लोटला. संग्रहालयाची पायाभरणी त्याच दिवसांतली, १८६२ ची. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, भल्याभल्यांचं दिवाळं निघालं आणि पायाभरणीपासून दारं उघडेपर्यंत दहा वर्षं गेली. भाव चढतो तेव्हा माड्या चढतात आणि पडतो तेव्हा कामं अडतात, हे वऱ्हाडातल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. त्या काळी मुंबईच्या बंदरावर जो कापूस जायचा त्यात वऱ्हाडचाही होता. म्हणून मी गावातल्या बायांना सांगते, तिथे पाहुणी म्हणून बिचकत जाऊ नका. त्या भिंतीत थोडं आपलंही आहे.

अजून एक. ही इमारत पडझडीला आली होती. २००३ मध्ये महापालिका, जुना वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून दुरुस्ती हाती घेतली, २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. जमनालाल बजाज म्हणजे आपल्या वर्ध्याचे. गांधीजींना वर्ध्याला आणणारे. १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं तेही त्यांनीच. मला हे आत गेल्यावर पाटी वाचून कळलं, तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "हे पाहा, आपल्या वर्ध्याचं नाव." त्यानंतर त्या जरा ताठ चालायला लागल्या.

२. वार आणि महिना

सगळ्यांत मोठा खड्डा इथे आहे.

भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. राणीबागेचं प्राणिसंग्रहालयही बुधवारीच बंद. मुंबईजवळच्या समुद्रात बेटावर असलेल्या घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद. दोन्ही पाहायचं असेल तर सोमवार आणि बुधवार फक्त प्रवासाला ठेवा. आम्हाला जुळलेला हिशोब असा: बुधवारी संध्याकाळी गाडीत बसायचं, गुरुवारी सकाळी मुंबई, त्या दिवशी आराम, शुक्रवारी संग्रहालय, शनिवारी घारापुरी आणि त्याच रात्री परत. रविवारी दोन्हीकडे गर्दी फार, म्हणून मी रविवार टाळते.

संग्रहालयाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. तिकीट खिडकी त्याआधी बंद होते, म्हणून साडेपाचला धावत जाण्यात अर्थ नाही. दिवाळी, १५ ऑगस्ट असल्या सुट्यांना निघायचं असेल तर आधी फोन करा. मधल्या काळात दुरुस्तीसाठी हे संग्रहालय बरेच महिने बंद होतं, त्यामुळे साध्या दिवशीसुद्धा निघण्याच्या आठवड्यात एक फोन करणं चांगलं.

महिना कोणता? पावसाळ्यात घारापुरीची बोट समुद्र खवळला की बंद. मे महिन्यात मुंबईत आपल्यासारखं ऊन नसते, पण घामाने माणूस अर्धा होतो. शेतीच्या माणसाला सोयीचा काळ म्हणजे तूर काढून झाली आणि हरभरा अजून घरी यायचा आहे तो, जानेवारीचा शेवट. लेकरांची शाळा तीन दिवस बुडते. गुरुजींना आधीच सांगून ठेवा आणि आल्यावर लेकराला वर्गात बोलायला लावा, म्हणजे त्यांचाही राग राहत नाही.

३. नागपुरात एक तालीम

हे कोणी सांगत नाही, मी सांगते. ज्याने कधी म्युझियम पाहिलं नाही त्याने थेट मुंबईला जाऊ नये. आधी नागपूरला दवाखान्याच्या नाहीतर लग्नाच्या खरेदीच्या निमित्ताने जाल तेव्हा अजब बंगला पाहून घ्या. १८६३ चं हे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे मुंबईच्याच पिढीतलं. सोमवारी बंद असते. तिथे चित्रं आहेत, मूर्ती आहेत, शिलालेख आहेत, पेंढा भरलेली जनावरंही आहेत. लेकरांना कळते की इथे काचेला हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, आणि आपल्यालाही कळते की पाय कधी दुखायला लागतात. माझे तासाभरात दुखले. त्यावरून मुंबईचा बेत बांधला.

४. जवळ काय ठेवायचं

- प्रत्येकाचं आधार कार्ड, मूळच. लेकरांचंसुद्धा, कारण घारापुरीच्या लेण्यांना पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही आणि उंच पोराला वय विचारतात.
- रेल्वेचं जातायेताचं तिकीट, मोबाइलमध्ये आणि कागदावर दोन्ही. बॅटरी संपते.
- सुटे पैसे. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. मोबाइलने पैसे देता येतात, पण बेटावर रेंज येते-जाते.
- खांद्याला अडकवायची छोटी पिशवी. संग्रहालयात मोठं सामान घेऊन फिरू देत नाहीत.
- मोठ्या बॅगेला कुलूप. स्टेशनच्या क्लोकरूमला बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. आमच्या बोचक्याला कुलूप कसं लावायचं म्हणून मी सुई-दोऱ्याने तोंड शिवलं होतं, चालत नाही.
- घट्ट बसणाऱ्या चपला किंवा बूट. बोटीत चढताना स्लीपर पाण्यात जाते.
- वयस्कर माणसाच्या गोळ्या, आणि उलटीची गोळी. बोट हलते.

कपड्यांबद्दल बाया हमखास विचारतात. लुगडं, साडी, धोतर, पायजमा, काहीही चालते. माझ्या सासूबाई नऊवारीत गेल्या होत्या आणि कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

५. प्रवासाचं तिकीट

गावापासून स्टेशनपर्यंत एसटी. बायांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना फुकट आहे, पासष्ट ते पंच्याहत्तरला अर्धं. आधार दाखवावं लागते. रेल्वेत मात्र म्हाताऱ्यांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे खिडकीवर वाद घालू नका.

आपल्याकडून सरळ गाडी म्हणजे विदर्भ एक्स्प्रेस. गोंदियाहून निघते, नागपूर, वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव करत सकाळी दादर आणि मग सीएसएमटी. सेवाग्राम एक्स्प्रेस आहे, अमरावतीकरांना त्यांची स्वतःची गाडी आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. त्या दिवशी सकाळीच काढा, आणि परतीचं तिकीटही त्याच दमात. जायचं कन्फर्म आणि यायचं वेटिंग, या फासात आमच्या गावातलं अख्खं कुटुंब अडकलं होतं. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट शेवटपर्यंत कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होते. खिडकीवरचं वेटिंगचं तिकीट हातात राहते, पण ते घेऊन स्लीपरच्या डब्यात बसता येत नाही. तत्काळच्या भरवशावर म्हातारं माणूस घेऊन निघू नका. आता ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागते आणि गावच्या इंटरनेटवर ते फिरतच राहते.

राहण्याचं म्हणाल तर नातेवाईक असला तर प्रश्नच नाही. आमदार निवासाची चिठ्ठी मिळवून देतो म्हणणारे गावोगावी आहेत. चिठ्ठी मिळाली तर आनंद आहे, पण खोली हातात येईपर्यंत त्यावर विसंबू नका. दुसरी सोय ठेवाच.

६. मुंबईत उतरल्यावर

तिकीट सीएसएमटीचं असलं तरी दादरला उतरून मध्य रेल्वेच्या लोकलने भायखळ्याला जाता येते. धीमी गाडी परळ, करी रोड, चिंचपोकळी करत भायखळ्याला येते. जलद गाड्याही भायखळ्याला थांबतात, पण इंडिकेटर पाहून बसा. लोकलचं तिकीट पाच रुपयांचं. वेगळं काढा.

सकाळी आठ ते साडेदहा लोकलमध्ये चढू नका. हे मी हात जोडून सांगते. बुधवारच्या त्या फेरीत आम्ही साडेआठला डोंबिवलीहून चढलो. चढलो म्हणण्यापेक्षा चढवले गेलो. लहानग्याची एक चप्पल तिकडेच राहिली. दुसऱ्या वर्षी पोटभर पोहे खाऊन साडेदहानंतर निघालो आणि बसायला जागा मिळाली. बाया-लेकरं बायांच्या डब्यात, पुरुष दुसरीकडे, असं वेगळं व्हावं लागलं तर कोणत्या स्टेशनावर उतरायचं हे प्रत्येकाला पाठ करून द्या. आमच्या ह्यांना "भायखळा, भायखळा" म्हणत पाठवलं होतं.

भायखळ्याला पूर्वेला बाहेर पडायचं. तिथून राणीबाग पायी दहा-पंधरा मिनिटं. ऑटो शोधू नका. मुंबई शहराच्या या भागात ऑटो चालतच नाहीत, शीव आणि वांद्र्याच्या पलीकडेच मिळतात. इथे टॅक्सी. आणि टॅक्सीवाल्याला संग्रहालयाचं पूर्ण नाव सांगत बसू नका, "राणीबाग" म्हणा.

७. फाटकावरचा मोठा धोका: पेंग्विन

राणीबागेत पेंग्विन आहेत, वाघ आहेत. लेकरांना ते माहीत असते. एकदा का ती पिंजऱ्यांकडे वळली की संग्रहालय गेलं. दुपारपर्यंत सगळे थकतात, मग "आता राहू दे" होते. म्हणून पहिल्यांदा संग्रहालय, नंतर पेंग्विन, हा करार घरूनच करून निघा. आमच्या पोरांशी मी आइस्क्रीमवर केला.

संग्रहालयाचं तिकीट वेगळं, प्राण्यांचं वेगळं. प्राण्यांच्या रांगेत अर्धा तास उभं राहून मग कळते की हे तिकीट संग्रहालयाला चालत नाही. आधी विचारा कोणती खिडकी. संग्रहालयाचं तिकीट किरकोळ आहे, आपल्या बाजारातल्या चहा-भज्याएवढं. शनिवार-रविवारी गेलात तर मराठीतून माहिती सांगणारी फेरी आहे का हेही तिथेच विचारून घ्या.

८. आत गेल्यावर

दार ओलांडलं की पहिल्यांदा सगळेच वर पाहतात. आम्हीही पाहिलं. उंच दिवाणखाना, मधोमध मोकळा, चारी बाजूंनी वरचा सज्जा, लोखंडी खांब, हिरव्या रंगावर सोन्याचा वर्ख, खाली नक्षीच्या फरश्या. सासूबाईंनी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मीही काढणार होते, पण तिथला माणूस हसून म्हणाला, "राहू द्या आजी, घाला." तर चपला काढायच्या नाहीत.

आता पाहायचं कसं. आपली सवय जत्रेची. एका टोकाने आत शिरायचं, ढकलत पुढे सरकायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. पहिल्या पंधरा मिनिटांत आम्ही अख्खा तळमजला तसाच "पाहून" टाकला आणि मला एकही वस्तू आठवेना. मग मी सगळ्यांना थांबवलं आणि म्हटलं, प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिच्यापुढे उभं राहायचं, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला तरी अजून थोडं. गंमत म्हणजे कंटाळा येऊन गेल्यावरच वस्तू दिसायला लागते.

तळमजल्यावर कारागिरीच्या वस्तू आहेत: धातूच्या, लाकडाच्या, हस्तिदंताच्या, आणि मातीची भांडी. ही भांडी आपल्या कुंभाराच्या आव्यातली नव्हेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. कला शाळेत तयार झालेली, चकचकीत झिलईची, काहींवर अजिंठ्याच्या चित्रांवरून उचललेली नक्षी. ह्यांनी एक सुरई निवडली. म्हणे, "याच्यात पाणी थंड राहणार नाही, झिलई आहे ना." बरोबर आहे. ती पाण्यासाठी नव्हतीच, दिवाणखान्यात ठेवायला होती. वस्तू कशासाठी केली हा प्रश्न विचारला की निम्मी समजते.

वरच्या मजल्यावर माझा जास्त वेळ गेला. तिथे मुंबईचे जुने नकाशे आहेत. ही मुंबई सात बेटांची होती, मधली खाडी भरत भरत ती एक झाली, हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. नकाशापुढे शिरते. लेकराला विचारलं, "आपण आता उभे आहोत ते कुठे?" त्याने काचेवर बोट ठेवलं आणि ओरडा खाल्ला. काचेला बोट लावायचं नाही.

आणि तिथेच मातीचे छोटे पुतळे आहेत. वेगवेगळ्या समाजांचे लोक, त्यांचे पोशाख, पागोटी, कामधंदे, सगळं वीतभर उंचीत. इंग्रजांच्या काळात लोकांचे "नमुने" म्हणून हे करून घेतले. माणसांना असं काचेत मांडून ठेवणं मला जरा खटकलं. पण करणाऱ्या हातांना काय म्हणावं! मी शिवणकाम करणारी, माझी नजर कापडावर. लुगड्याचा काष्टा कुठून फिरतो, निऱ्या कुठे खोचल्यात, पदराचा झोल खांद्यावरून कसा पडतो, हे त्या कारागिराने मातीत नेमकं पकडलं आहे. ज्याने हे केलं त्याने बाईला काम करताना नीट पाहिलेलं आहे. सासूबाई एकेका पागोट्यापुढे थांबून त्यांच्या वडिलांचं कसं होतं ते सांगत होत्या, आणि मला पहिल्यांदाच कळलं की माझे आजेसासरे पागोटं बांधायचे.

तुम्ही गवंडी असाल तर खांब आणि फरशी पाहा, सुतार असाल तर कपाटं पाहा. कपाटंसुद्धा जुनी आहेत, लोक त्यातून आरपार आतल्या वस्तूकडे पाहतात. ज्याचा हात ज्या कामाला लागलेला आहे त्याला तिथे इतरांपेक्षा जास्त दिसते. "आपल्याला चित्रातलं काय कळते" असं म्हणू नका.

भिंतीवरच्या मोठमोठ्या साहेबांच्या तसबिरींपुढे मी फार थांबले नाही. तुम्हाला आवडल्या तर थांबा.

फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, आणि फ्लॅश तर नकोच. जुने रंग उजेडाने उडतात, जसं दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेलं लुगडं एका उन्हाळ्यात विटते. आत खाणं-पिणं नाही. दशम्या बाहेर बागेत खा.

दीड तास पुष्कळ झाला. त्यापुढे डोळे उघडे असतात, पण पाहत नाहीत.

९. बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका

संग्रहालयाच्या आवारात, बागेच्या बाजूला एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्यापुढे सेल्फी काढतात आणि जातात. हा हत्ती मुळात घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. मग ते तुकडे इथेच राहिले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले. जवळ जाऊन पाहा, सांधे दिसतात. आमच्या पोराला पेंग्विनपेक्षा हे जास्त आवडलं, की एवढा मोठा हत्ती फुटला आणि पुन्हा जोडला.

म्हणून मी सांगते, आधी संग्रहालय आणि दुसऱ्या दिवशी घारापुरी. बेटावर गेल्यावर पोरं विचारतात, "हत्ती कुठे उभा होता?" उलट क्रमाने गेलात तर ही गंमत जाते.

आवारात घोड्यावर बसलेल्या इंग्रज राजाचाही पुतळा आहे. काळा घोडा म्हणतात तो हाच, १९६५ मध्ये फोर्टातून इथे आणला. काळा घोडा हे जागेचं नाव मात्र तिकडेच राहिलं.

१०. घारापुरी

गेटवे ऑफ इंडियाहून बोट. जवळपास तासाभराचा प्रवास. सकाळी नऊपर्यंत धक्क्यावर पोहोचा. गेटवेवर "व्हीआयपी बोट", "गाईडसकट पॅकेज" म्हणत मागे लागणारे भेटतील. तिकीट खिडकीवरच काढा. ते जातायेताचं असते, जपून ठेवा, परतताना पाहतात. लाईफ जॅकेट मागून घ्या आणि घालाच. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली. लाजायचं कारण नाही.

आपण समुद्र न पाहिलेली माणसं. सासूबाईंनी बोटीत बसताना पाण्याला हात जोडले आणि पोरांना मधल्या बाकावर बसवलं. मध्यभागी कमी हलते, हे खरं आहे.

धक्क्यापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, चालतही जाता येते. ग्रामपंचायतीचा थोडा कर द्यावा लागतो. हो, बेट रायगड जिल्ह्यात आहे, शेतबंदर, मोरबंदर, राजबंदर अशी गावं आहेत, माणसं राहतात. समुद्राखालून केबल टाकून त्यांच्याकडे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना. हे ऐकून आमचे हे भारनियमनाबद्दल दिवसभर काही बोलले नाहीत.

मग सुमारे एकशेवीस पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं. पायऱ्या न चढवणाऱ्यांसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा. माकडांपासून सांभाळा. हातात पाण्याची बाटली किंवा खाऊची पिशवी दिसली की गेलीच. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व विभागाचं, भारतीयांना चाळीस रुपये.

लेणी साधारण सहाव्या शतकातल्या, १९८७ पासून जागतिक वारशात. आत उजेडातून अंधारात शिरता, म्हणून दोन मिनिटं दाराशी थांबा, डोळे सरावू द्या. सगळे सरळ तीन मुखांच्या महादेवाकडे धावतात. जवळजवळ वीस फूट उंच आहे, पाहणारच. मधलं मुख शांत, एका बाजूचं उग्र, दुसरं बाईसारखं कोमल. पण इतर मूर्तींसाठी वेळ ठेवा. शिवपार्वतीचं लग्न आहे, त्यात पार्वती थोडी मान खाली घालून उभी आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या दगडात नवरीचा तो संकोच कसा आणला असेल! सासूबाईंनी पचमढीच्या महादेवाची यात्रा केलेली. त्या हळूच महादेवाचं गाणं म्हणायला लागल्या, आणि बाजूला उभे असलेले दोन-तीन परके लोक ऐकत थांबले. कोणी काही म्हटलं नाही.

बऱ्याच मूर्तींचे हात-पाय तुटलेले आहेत. पोरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती फक्त "हा का तुटला, तो का तुटला" विचारत राहतात. कुंकू लावू नका, नारळ फोडू नका, मूर्तींवर चढू नका.

जेवणाची सोय बेटावर आहे पण महाग. आम्ही ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि आलूची सुकी भाजी नेली होती, ती बोटीतच उघडली, माकडं नसतात म्हणून.

परतीची गाडी त्याच रात्रीची असेल तर दुपारी दोनच्या आसपास बेट सोडा. शेवटच्या बोटीची वाट पाहत बसू नका, संध्याकाळी धक्क्यावर मोठी रांग लागते. गेटवेहून सीएसएमटीला टॅक्सीने फार वेळ लागत नाही, पण चार जणांची टॅक्सी, आणि क्लोकरूममधून बोचकी सोडवायला अर्धा तास धरा. क्लोकरूमची पावती हरवली तर अर्ज लिहावा लागतो. ती पावती मी पदराच्या गाठीत ठेवते.